लाळेरं बांधलेला योद्धा

ग्रंथोबांना 'नाही' म्हणता येत नसे. न्हाव्यानं "अजून थोडे कमी करू?" असं विचारलं की ते मान डोलवायचे आणि अर्धं डोकं उघडं टाकून घरी यायचे. साप्ताहिकातलं पुस्तकांचं पान बंद झालं तेव्हा संपादिकाबाईंनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. "ग्रंथोबा, व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहाल का? जपानी, हाणामारीचे गेम. मालकांना तरुण वाचक हवेत." ग्रंथोबांनी उभ्या जन्मात कुणाला चापट मारली नव्हती, गेमला हात लावला नव्हता आणि जपानीचं एक अक्षरही त्यांना वाचता येत नव्हतं. ते म्हणाले, "हो, बघतो की."

तेव्हापासून पुस्तकांच्या कपाटाशेजारी टीव्ही, टीव्हीखाली कन्सोल आणि खिशात चष्म्याच्या घराएवढा हातातला गेम, असा त्यांचा संसार वाढला. अंगठे मात्र पुस्तकाची पानं उलटणारेच राहिले. त्यांचा योद्धा तलवार उपसायच्या ऐवजी खाली बसायचा आणि उडी मारायच्या वेळी नेमका पाणी प्यायचा. तिसऱ्या-चौथ्या खोलीपलीकडे ते क्वचितच पोचत. पुढचं सगळं दुसऱ्यांनी खेळताना टिपलेल्या चित्रफिती बघून कळे. मग परीक्षणात ते मारामारीला बगल देत आणि किल्ल्याच्या जिन्यांवर, राक्षसांच्या बुटांवर, मरताना खलनायक काय बोलतो यावर लिहीत. वाचकांना ते आवडायचं. ग्रंथोबांना मात्र दर आठवड्याला वाटायचं, की आज आपलं पितळ उघडं पडणार.

त्यांची बायको ड्रायव्हिंग शिकवायची. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून तिच्या उजव्या पायाला एक खोड जडली होती. ग्रंथोबांचा योद्धा कड्याजवळ गेला की सोफ्यावर बसल्या बसल्या ती फरशीवर करकचून ब्रेक दाबायची.

"अहो, पडेल तो!"

"दिसतंय मला."

"दिसतंय तर मग तिकडे का जाताय?"

तोवर तो पडलेला असायचा.

आणि अशात तो गेम आला. जपानी नाव कुणालाच वाचता येईना. डब्यावर शिंगांचा राक्षस होता, म्हणून सगळे त्याला शिंगाड्या म्हणू लागले. जपानबाहेर तो अजून निघायचा होता, पण साप्ताहिकानं परदेशी माल आणणाऱ्या दुकानदाराकडून एक प्रत मिळवली. मोठ्या पडद्यावर खेळा किंवा हातातल्या यंत्रावर, खेळ जिथे सोडला तिथून पुढे चालू, अशी त्यात सोय होती. ग्रंथोबांनी सुरुवात केली ती बसमध्ये.

पहिल्याच दारावर एक ढालवाला पहारेकरी होता. त्यानं योद्ध्याला लोळवलं. पुन्हा लोळवलं. लोळवण्याचा त्याला कंटाळा येईना, आणि ग्रंथोबांना लाज वाटून वाटून लाजेचाही कंटाळा आला. एवढ्यात पडद्यावर जपानीत काहीतरी उमटलं. खाली गोल आणि फुली. त्याच क्षणी शेजारच्या जाड्या प्रवाशानं विचारलं, "जरा सरकता का?"

जपानी गेममध्ये गोल म्हणजे हो आणि फुली म्हणजे नाही, एवढं ग्रंथोबांना ठाऊक होतं. काय विचारलंय ते न कळताच हो म्हणायची तर त्यांना जन्माची सवय. ते सरकले आणि त्यांनी गोल दाबला. त्या एका क्षणात त्यांनी दोघांनाही होकार दिला.

पुढच्या खेपेला पहारेकरी आडवा झाला.

ग्रंथोबांचा विश्वास बसेना. त्यांनी एक बटण दाबलं तर योद्धा गिरकी घेऊन तीन वार करी. शत्रू तलवार उगारून जरा थांबत, जणू म्हणत, या, तुमचं झालं की सांगा. दुसरं दार गेलं, पाचवं गेलं. दोन थांबे पुढे जाऊन ग्रंथोबा बसमधून उतरले आणि उलटे चालत आले, तेही ताठ मानेनं. आठवड्याभरात त्यांनी शिंगाड्या संपवला. स्वतःच्या अंगठ्यांनी, कुणाची चित्रफीत न बघता.

माणूस बदलला. नळ दुरुस्त करणाऱ्याला त्यांनी सुनावलं, "हे असं चालणार नाही." न्हाव्याला म्हणाले, "बस, एवढेच." बायको बघतच राहिली. जेवताना तिनं विचारलं, "तुम्हाला कुणी काही खायला तर घातलं नाही ना?"

"हातात कला होती गं. उमलायला वेळ लागला, एवढंच."

"उमलली असेल तर वरच्या शेजाऱ्यांना सांगा जरा, गाडी नीट लावायला."

ग्रंथोबा जिना चढून गेले आणि खरंच सांगून आले.

राहता राहिली एक गोष्ट. पहिल्या दारानंतर योद्ध्याच्या गळ्यात एक तांबडं लाळेरं आलं होतं. तान्ह्या बाळाला बांधतात तसलं, कडेला झालर असलेलं. अंगात चिलखत, पाठीवर दोन तलवारी आणि गळ्यात लाळेरं. ग्रंथोबांनी कपाटातले ग्रंथ उपसले. जपानात रस्त्याकडेला दगडी देव असतात, ते लहान मुलांना आणि वाटसरूंना सांभाळतात आणि लोक त्यांच्या गळ्यात तांबडी लाळेरी बांधतात, असं एका जाडजूड पुस्तकात सापडलं. मग काय, लेखणीला पंख फुटले. 'तांबड्या लाळेऱ्याचं मौन' असा मथळा देऊन त्यांनी अख्खं पान लिहिलं. हा योद्धा साऱ्या जगाच्या लेकरांचा राखणदार आहे, मारतानाही तो मनानं बाळच आहे, जगाचं दुःख गिळताना एक थेंबही सांडू नये म्हणून त्यानं हे वस्त्र पत्करलं आहे. शेवटचा परिच्छेद लिहिताना त्यांचेच डोळे पाणावले.

पान गाजलं. लोकांनी ते एकमेकांना पाठवलं. दोघाचौघांनी मात्र कळवलं की आम्हीही जपानी प्रत मागवून खेळलो, पण आमच्या योद्ध्याच्या गळ्यात तर काहीच नाही. एरवी ग्रंथोबांनी माफी मागून अंथरूण धरलं असतं. या वेळी पुढच्या अंकात त्यांनी उत्तर दिलं: 'काही गोष्टी बघायला डोळे पुरत नाहीत, नजर लागते.'

त्यांच्या बाजूनं उभा राहिला तो शंभरनंबरी. हा तिशीतला परीक्षक. प्रत्येक गेम कठीणातल्या कठीण पातळीवर आणि तोही शंभर टक्के संपवतो असं स्वतःच सांगत फिरे, म्हणून हे नाव. 'मी शिंगाड्या सर्वांत अवघड पातळीवर एकदाही न मरता संपवला,' त्यानं लिहिलं. 'लाळेऱ्याबद्दल काकांशी मी सहमत आहे. पण मागची गाठ त्यांनी पाहिलेली दिसत नाही. ती फुलपाखरासारखी आहे. इतकं बारीक बघायचं तर हात पक्का हवा.'

ते 'काका' ग्रंथोबांना टोचलं. पण खरी टोचणी पुढेच होती. मालकांनी फर्मान काढलं, की गेमच्या पानाला तरणाताठा माणूस हवा, त्या शंभरनंबरीला आणा. संपादिकाबाईंनी कसाबसा तह केला. शिंगाड्या आता आपल्या भाषेत निघत होता. बाजारपेठेतल्या सभागृहात त्याचा समारंभ होता. तिथे दोघांनी लोकांसमोर खेळावं आणि ज्याचा खेळ बघायला मजा येईल त्याला पान द्यावं.

"जमेल ना ग्रंथोबा?" बाईंच्या आवाजात काळजी होती. "नाही म्हणालात तरी मी समजू शकते."

"नाही कशाला म्हणू?" ग्रंथोबा म्हणाले, आणि स्वतःच्याच आवाजावर खूश झाले.

समारंभाच्या आदल्या संध्याकाळी नवी प्रत घरी आली. बायको गाडीच्या किल्ल्या हातात घेऊनच सोफ्यावर टेकली. "दाखवा बघू तुमची कला."

ग्रंथोबांनी नवा डाव मांडला. पहिल्या दारावर ढालवाला होताच. त्यांनी झोकात बटण दाबलं. योद्धा खाली बसला. पहारेकऱ्यानं त्याला तसंच बसल्या जागी लोळवलं.

"हात गार आहेत," ग्रंथोबा म्हणाले.

दुसऱ्यांदा योद्धा पाणी प्यायला. मग उडी मारली ती ढालीवरच. बायकोचा पाय ब्रेकवर ब्रेक दाबत होता. अखेर पडदा मंद झाला, मंजूळ घंटा वाजली आणि पाटी उमटली, या वेळी वाचता येईल अशा अक्षरांत. बायकोनं ती मोठ्यानं वाचली:

"'बाळ फार वेळा पडलं. लाळेरं बांधायचं का? बांधल्यास शत्रू हळू मारतील आणि बाळाच्या वतीनं वार आम्हीच करू. टीप: लाळेरं खेळ संपेपर्यंत सोडता येणार नाही.'"



ग्रंथोबांच्या पायाखालची फरशी सरकली. बस आठवली, जाड्या प्रवासी आठवला, गोल आठवला. मग तो अग्रलेखासारखा परिच्छेद आठवला, जगाचं दुःख गिळणारा. कान इतके तापले की चष्म्याच्या काड्या वितळतील असं वाटलं.

बायको आधी ओठ चावत होती. मग तिनं उशी तोंडावर धरली. उशीतून बराच वेळ खदखदणं ऐकू आलं. "राखणदार!" ती कशीबशी म्हणाली. "साऱ्या जगाच्या लेकरांचा!"

"हस, हस. उद्या सारं गाव हसणार आहे. मी बाईंना कळवतो, ताप आला म्हणून."

"ताप कसला? माझ्याकडे येतात ते काय करतात? गाडीच्या मागे-पुढे 'शिकाऊ' अशी पाटी लावून भर चौकातून जातात. मागचे भोंगे वाजवतात, पण जरा अंतर ठेवूनही चालतात. आजवर कुणी लाजेनं मेलेलं मी पाहिलं नाही. पाटी काढून मिरवणारे मात्र खांबावर चढलेले पाहिलेत."

"पान जाईल गं."

"जाईल तर जाईल. वरच्या शेजाऱ्यांची गाडी तर नीट लागली ना? तेव्हा कुठे होतं लाळेरं?"

ग्रंथोबांनी चष्मा पुसला. खोटी का होईना, इतके आठवडे आपली मान ताठ होती हे त्यांना नाकारता येईना. ते पाटीकडे बघत राहिले, आणि बघता बघता त्यांच्या डोक्यात दिवा लागला.

"अगं," ते हळूच म्हणाले, "जो फार पडतो त्यालाच लाळेरं मिळतं."

"हो. वाचलं की मी."

"मग एकदाही न मरणाऱ्या माणसाला मागची गाठ दिसली कशी?"

बायकोनं उशी बाजूला ठेवली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. ग्रंथोबांच्या चेहऱ्यावर असं हसू होतं, की लग्नाच्या इतक्या वर्षांत तिनं ते पाहिलं नव्हतं. सशाला शिंगं फुटावीत तसं ते दिसत होतं.

सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर भिंतीएवढा पडदा आणि समोर दोन खुर्च्या. पहिल्या रांगेत बाई, त्यांच्या शेजारी मालक, आणि टोकाला ग्रंथोबांची बायको. शंभरनंबरी आला तो उजव्या अंगठ्याला मुठीएवढं बँडेज गुंडाळून.

"कालच दारात सापडला," त्यानं ध्वनिक्षेपकावरून सांगितलं. "डॉक्टरांनी खेळायला सक्त मनाई केलीय. पण काळजी नको. काका खेळतील आणि ते कुठे चुकतात ते मी समजावून सांगेन."

लोक हसले. मालकही हसले. ग्रंथोबा खुर्चीत बसले. कन्सोलचं बटण-यंत्र हातात घेतलं. नाही म्हणायची ही शेवटची संधी होती आणि त्यांना ते अजूनही जमलं नाही.

डाव सुरू झाला. योद्धा खाली बसला.

"काका आधी ध्यान करतात," शंभरनंबरी म्हणाला.

योद्धा पडला. "हे डावपेच आहेत, बरं का. शत्रूला गाफील ठेवायचं." पुन्हा पडला. "फारच गाफील ठेवलं." सभागृह खदखदू लागलं. मागून कुणीतरी ओरडलं, "काका, पुस्तक फेकून मारा!" ग्रंथोबांचे कान तापले, पण ते पडत राहिले. एकदा तर योद्धा पहारेकऱ्यापर्यंत पोचायच्या आधीच कड्यावरून खाली गेला आणि पहिल्या रांगेच्या टोकाला फरशीवर बुटाचा मोठा आवाज झाला.

मग पडदा मंद झाला. घंटा वाजली. भिंतीएवढ्या अक्षरांत पाटी उमटली आणि सगळ्या सभागृहानं ती शाळेतल्या कवितेसारखी एका सुरात वाचली. 'बाळ फार वेळा पडलं' इथेच हशा सुटला. 'लाळेरं बांधायचं का' पर्यंत पोचता पोचता ज्यांनी ते गाजलेलं पान वाचलं होतं त्यांना लख्ख उजेड पडला आणि छत कोसळेल की काय असं वाटलं. बाईंनी कपाळाला हात लावला.

शंभरनंबरी तेवढा हसत नव्हता. जपानी त्यालाही येत नव्हतं. तो पाटी पुन्हा वरपासून वाचत होता.

"काका फुली दाबतील," तो घाईघाईनं म्हणाला. "स्वाभिमानी खेळाडू फुलीच दाबतो. दाबा काका. चला, पुढे जाऊ या."

ग्रंथोबांनी गोल दाबला.

योद्ध्याच्या गळ्यात तांबडं लाळेरं आलं. पहारेकरी आडवा झाला. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. ग्रंथोबांनी योद्ध्याला सावकाश वळवून लोकांकडे पाठ करून उभं केलं. चिलखताच्या वर, मानेच्या मागे, नाजूक गाठ होती. अगदी फुलपाखरासारखी.

ग्रंथोबा ध्वनिक्षेपकाकडे झुकले. वाक्य पाठ होतं. सकाळी दाढी करताना आरशासमोर ते घोकून आले होते.

"लेख लिहिताना ही गाठ मला दिसलीच नव्हती," ते म्हणाले. "यांनी दाखवली. यांचं निरीक्षण फार बारीक. या बाबतीत मी यांचा ऋणी आहे."

मग तिसऱ्या रांगेतून एक मुलगी म्हणाली, "पण हे तर एकदाही मेले नव्हते ना?"

पुढचं सांगायला नको. हशाची अशी लाट उठली की मालकांना डोळे पुसायला रुमाल काढावा लागला. शंभरनंबरीनं कपाळावर बँडेज फिरवलं. "मी... म्हणजे, मी संशोधनासाठी मुद्दाम पडलो होतो." त्यावर दुसरी लाट आली. सगळं ओसरल्यावर ग्रंथोबांनी शेजारची खुर्ची त्याच्याकडे सरकवली आणि दबक्या आवाजात म्हणाले, "बसा हो. दोघांना मिळून खेळता येतं यात. तुमच्याही गळ्यात बांधून देतील."

तो उभाच राहिला. ग्रंथोबा एकटेच खेळत गेले. दारामागून दार पडत होतं, आणि आता अंगठ्यांना फारसं काम नसल्यामुळे ते तोंडानं जिन्यांबद्दल सांगत होते, राक्षसांच्या बुटांबद्दल सांगत होते. लोक उठून जात नव्हते, हे त्यांच्या बरंच उशिरा लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. मालक खिडकीशी उभे होते.

"मालकांची एक अट आहे," बाई म्हणाल्या. "यापुढे प्रत्येक परीक्षणाच्या वर ठळक अक्षरांत छापायचं, परीक्षक किती वेळा मेला. खरा आकडा. साक्षीदार बसवून मोजलेला. बोला, पान कुणाला हवं?"

शंभरनंबरीला अचानक आठवलं की त्याला दुसरीकडून बोलावणं आलंय. तिथला पगारही बरा आहे, शिवाय अंगठ्यालाही विश्रांती हवी. तो बोलत बोलतच दारापर्यंत गेला आणि दाराबाहेर गेल्यावरही थोडा वेळ बोलताना ऐकू येत होता.

"ग्रंथोबा?" बाईंनी विचारलं.

ग्रंथोबांनी विचार केला. आकडा दर आठवड्याला छापून येणार. न्हावी वाचणार, नळवाला वाचणार, वरचे शेजारी वाचणार. "जागा पुरेल का?" त्यांनी विचारलं. "म्हणजे, आकड्याला. काही वेळा तो मोठा असू शकतो."

"मथळा लहान करू," मालक खिडकीपासूनच म्हणाले.

"मग चालेल."

नवा गेम त्याच संध्याकाळी आला. यात नायिका होती, हातात साखळी आणि साखळीच्या टोकाला लोखंडी गोळा. बायको साक्षीदार म्हणून सोफ्यावर मांडी घालून बसली. शिकाऊंच्या चुका मोजण्यात हयात गेलेली बाई ती, तिला आणखी काय हवं?

नायिकेनं गोळा फिरवला. गोळा भिंतीवर आपटून तिच्याच डोक्यात बसला.

"एक," बायको म्हणाली.

"हा शिकण्यात गेला. धरू नकोस."

"धरला."

दुसऱ्यांदा नायिका दारातून बाहेर पडली आणि तिथे पायऱ्या नव्हत्या.

"दोन. अहो, पायऱ्यांवर तुम्हीच ना पानभर लिहिता?"

एवढ्यात दाराची घंटा वाजली. ग्रंथोबांनी मान वळवली आणि तेवढ्यात कुठून तरी आलेल्या एका वटवाघळानं नायिकेला गारद केलं.

"हा नाही!" ग्रंथोबा उठून उभे राहिले. "हा अजिबात धरायचा नाही. घंटा वाजली. माझं लक्ष नव्हतं. नाही म्हणजे नाही!"

बायकोनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. किती सहज म्हणाले होते ते. तिनं कौतुकानं मान हलवली.

"तीन," ती म्हणाली आणि दार उघडायला गेली.